शिफारशीचा बाजार

पत ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती तिजोरीत ठेवता येत नाही, तराजूत घालता येत नाही, आणि तरीही तिच्यावाचून व्यवहाराचे पान हलत नाही. आपल्याकडे पूर्वी सराफांच्या पेढ्यांवरून हुंड्या लिहिल्या जात. शेकडो कोसांवरच्या गावचा सराफ त्या कागदाकडे पाही आणि कधी न देखिलेल्या माणसाच्या हातात रोख रक्कम मोजून ठेवी. कारण हुंडी लिहिणाऱ्याची पत त्याला ठाऊक असे. आता अशी कल्पना करा, की एखाद्या पेढीने आपली सहीच चार आण्यांना एक या दराने विकायला काढली. पहिले काही दिवस पेढीची चंगळ होईल. पण ही बातमी पुढच्या गावी पोचली, की त्या सहीची किंमत कोऱ्या कागदाइतकीही उरणार नाही.

ही कल्पना इंटरनेटच्या महाजालात गेल्या तीस वर्षांत खरोखर घडून गेली आहे. आज घरातले शेंडेफळसुद्धा काही अडले की 'गूगल करू या' म्हणते. मग पडद्यावर पाच-दहा नावे उमटतात आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-चारांवरच आपण समाधान मानतो. ती नावे वर का आली आणि बाकीची लाखो नावे खाली का गाडली गेली, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मी शाळामास्तर, कोणी न विचारलेला प्रश्न विचारायची सवय जडलेली. त्या नादाने मी ही हकीगत गोळा करू लागलो, तेव्हा तिच्यात व्यापार निघाला, हाव निघाली, एक कोर्टातला खटला निघाला, आणि न्याय-अन्यायाचा असा एक गुंता निघाला की तो अजूनही पुरता सुटलेला नाही.

*

आरंभ होतो १९९४ साली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग आणि डेव्हिड फायलो हे दोघे विद्यार्थी शिकत होते. महाजालात नवनवी संकेतस्थळे निघत होती, आणि कोणते कुठे आहे हे लक्षात ठेवणे कठीण होऊ लागले होते. या दोघांनी आपल्या आवडीच्या स्थळांची एक यादी केली. यादी वाढली तसे तिचे कप्पे पाडले, कप्प्यांत पोटकप्पे पाडले. हीच पुढे 'याहू' म्हणून जगप्रसिद्ध झाली. १९९५ साली तिची रीतसर कंपनी झाली.

याहूची ही सूची माणसे हाताने करीत. कोणी एखादे स्थळ सुचवले, की याहूचा माणूस ते स्वतः उघडून पाही, वाची, आणि ते कोणत्या कप्प्यात घालावयाचे ते ठरवी. या वर्गवारीची सूत्रे श्रीनिजा श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या बाईंकडे होती. कंपनीत दाखल झालेल्या त्या पाचव्या व्यक्ती. काम ग्रंथपालाचेच होते, मात्र या ग्रंथालयात दर तासाला नव्या पुस्तकांच्या गाड्याच्या गाड्या येऊन रित्या होत होत्या.

आपली मुंबईही यात मागे नव्हती. राजेश जैन यांनी १९९५ साली 'इंडियावर्ल्ड' सुरू केले. त्यांच्या स्थळांपैकी 'खोज' हे भारतीय स्थळे हुडकून देण्यासाठी होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे कंपनीने हा सारा पसारा ४९९ कोटी रुपयांना विकत घेण्याचा सौदा केला, तेव्हा वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. मोठ्या कारखान्याला शोभावी अशी ही किंमत होती, आणि विकले काय गेले? धुराडे नाही, यंत्र नाही; लोकांना वाट दाखवणाऱ्या काही पाट्या!

मात्र वाट दाखवणाऱ्या पाटीला एवढी किंमत आली म्हटल्यावर पाटीवर नाव लावून घेण्यालाही किंमत येणार, हे ओघानेच आले. १९९९ साली याहूने व्यापारी स्थळांसाठी १९९ डॉलरांची एक सोय काढली. पैसे भरा, म्हणजे तुमचे स्थळ आमचा माणूस लवकर तपासील. पुढे व्यापारी कप्प्यांसाठी हे शुल्क सक्तीचे झाले, आणि २००१ च्या अखेरीस ते दर वर्षाला २९९ डॉलर असे ठरले.

यातली एक मेख मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवी. हे पैसे तपासणीचे होते, प्रवेशाचे नव्हते. तपासणारा 'नापसंत' म्हणाला, तर नावही जाई आणि पैसेही परत मिळत नसत. वाचकांपैकी ज्यांनी परीक्षेचे अर्ज भरले असतील त्यांना हे चटकन उमगेल. परीक्षेची फी सारेच भरतात. पण फी भरली म्हणून कोणी पास होत नाही. फी आणि लाच यांच्यामध्ये ही एकच भिंत असते. ती जोवर उभी आहे तोवर पैसे घेऊनही प्रामाणिक राहता येते.

सगळ्यांना ती भिंत मानवली नाही. 'लुकस्मार्ट' नावाची अशीच एक सूची होती. एकदा शुल्क भरून तिच्यात नाव घातलेल्या छोट्या व्यापाऱ्यांना २००२ साली तिने सांगितले, की यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकामागे १५ सेंट द्यावे लागतील. व्यापारी खवळले आणि कोर्टात गेले. लुकस्मार्टची बरीचशी मिळकत मायक्रोसॉफ्टच्या 'एमएसएन'कडून येणाऱ्या वर्दळीवर अवलंबून होती. २००४ च्या आरंभी तो आधार सुटला आणि लुकस्मार्टचे वैभव ओसरले.

त्याहून उघड मार्ग बिल ग्रॉस यांनी १९९८ सालीच काढला होता. त्यांच्या 'गोटू' या शोधयंत्रात सरळ लिलाव चाले. ज्याची बोली मोठी त्याचे नाव वर. मौज अशी, की प्रत्येकाने किती बोली लावली तो आकडाही तिथे छापलेला असे. लोक नाके मुरडीत. पण त्यात लपवाछपवी नव्हती, एवढे तरी म्हटले पाहिजे.

लपवाछपवी इतरत्र होती. काही शोधयंत्रे पैसे घेऊन वर बसवलेली नावे साध्या निकालांत बेमालूम मिसळून देत. अशी तक्रार २००१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे गेली, आणि जून २००२ मध्ये आयोगाने शोधयंत्रांना पत्र लिहून समज दिली, की पैसे घेऊन दिलेली जागा तशी आहे हे ठळकपणे दाखवा. ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. दिवाळी अंकच पाहा ना. जाहिरातींवाचून अंक निघत नाहीत, आणि त्याबद्दल वाचकांची काही तक्रारही नसते. कारण जाहिरात ही जाहिरात म्हणून छापलेली असते. पण उद्या एखाद्या संपादकाने साबणाची स्तुती पैसे घेऊन ललितलेख म्हणून छापली, तर तो साबण वाईट नसला तरी वाचकाला फसवल्यासारखे वाटेल, आणि मग अंकातल्या खऱ्या लेखांकडेही तो संशयाने पाहू लागेल.

*

सूच्यांचा असा बोलबाला चालू असतानाच एक निराळी युक्ती जन्माला आली होती. स्टॅनफर्डमध्येच लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन हे दोन विद्यार्थी संशोधन करीत होते. त्यांची 'गूगल' कंपनी सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या युक्तीचे मूळ जुने आहे. यूजीन गारफील्ड या अमेरिकी गृहस्थांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात असे सुचवले होते, की कोणत्या शास्त्रीय लेखाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या लेखांत झाला याची सूची करावी. त्या सूचीवरून पुढे लेखाची थोरवीही मोजू लागले. पेज आणि ब्रिन यांनी हाच न्याय महाजालाला लावला. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जो दुवा जातो, ज्याला आपण 'लिंक' म्हणतो, ती त्यांनी शिफारस मानली.

मात्र सगळ्या शिफारशी सारख्या नसतात, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे गणित मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्यालाही थोडेफार कळते. समजा, एका पानाची पत दहा आहे. त्याने दोघांचीच शिफारस केली, तर बारीकसारीक वजावट सोडता प्रत्येकाच्या वाट्याला पाच येतात. शंभर जणांची केली, तर प्रत्येकाला दशांशच मिळतो. आम्हा मास्तरांना चालचलणुकीचे दाखले द्यावे लागतात. वर्गातल्या साठही मुलांना 'अत्यंत हुशार व सुशील' असा एकच मजकूर लिहून दिला, तर त्या दाखल्याला कोण विचारणार? पुन्हा, जो दाखला देतो त्याची स्वतःची पत किती, तेही पाहिले पाहिजे. आणि ती ठरते त्याला दाखला देणाऱ्यांवरून. असे हे चक्र गणिताने सोडवावयाचे. पेज यांच्या आडनावावरून या मापाला 'पेजरँक' म्हणतात.

ही युक्ती विलक्षण यशस्वी झाली. ती यशस्वी झाली, कारण तोवर लोक एकमेकांकडे दुवे देत होते ते मनापासून. कोणी आपल्या आवडत्या स्थळाचा दुवा देई, कोणी मित्राच्या स्थळाचा. या दुव्यांची कोणी मोजदाद करील असे त्यांच्या स्वप्नीही नव्हते. न मोजलेला चांगुलपणा गूगलने मोजला.

आणि मोजल्याबरोबर तो बिघडू लागला. डिसेंबर २००० मध्ये गूगलने एक पट्टी काढली. ती आपल्या संगणकावर बसवली, की कोणत्याही पानाची पत शून्य ते दहा या अंकांत, हिरव्या रेघेने दिसे. परीक्षेत गुण देतात हे सर्वांना माहीत असते. पण गुणपत्रिका भिंतीवर टांगली, की पालक शिकवणीवाल्यांकडे धावू लागतात. तसेच झाले. आठ अंकांच्या स्थळावरून दुवा हवा? अमुक डॉलर. सहाच्या स्थळावरून? जरा स्वस्त. दुव्यांचा बाजार भरला.

सूच्यांच्या धंद्याला तर यामुळे निराळेच वळण लागले. पूर्वी सूचीत नाव घालावयाचे ते वाचणाऱ्याने पाहावे म्हणून. आता वाचणारा येवो न येवो, गूगलच्या यंत्राने दुवा मोजावा म्हणून लोक पैसे भरू लागले. हे हेरून शेकडो सूच्या उगवल्या. त्यांच्यात ना तपासणी, ना नापसंती. परीक्षेची फी आणि पास झाल्याचे प्रमाणपत्र एकाच खिडकीवर मिळू लागले. याहूने निदान वरकरणी जपलेली भिंत इथे नावालाही नव्हती.

*

पहिली ठिणगी ओक्लाहोमा संस्थानात पडली. बॉब मासा यांच्या 'सर्चकिंग' कंपनीने २००२ साली उघडपणे दुव्यांची दलाली सुरू केली. ज्यांची पत मोठी त्यांच्या स्थळांवर पैसे देऊन दुवे लावून द्यावयाचे, असा तो धंदा. थोड्याच दिवसांत सर्चकिंगचा अंक आठावरून चारावर घसरला. मासा यांनी गूगलला कोर्टात खेचले. गूगलने मुद्दाम आमचे नाव पाडले, आमचा धंदा बुडाला, अशी त्यांची फिर्याद. गूगलचा जबाब थोडक्यात असा, की हा अंक आमचे मत आहे, आणि मत बाळगण्याचा हक्क अमेरिकेची घटना आम्हाला देते. मे २००३ मध्ये न्यायालयाने हा जबाब मान्य केला आणि फिर्याद फेटाळली.

निकाल कायद्याला धरून असेल. पण मला तो वाचून थबकायला झाले. एका माणसाचे मत आणि साऱ्या जगाच्या रस्त्यावरच्या वेशीवर बसलेल्या माणसाचे मत, ही दोन सारखी कशी? पाटलाचे मतही मतच असे. पण ते फिरले, की गावात राहणे कठीण होई. मासा यांची बाजू घ्यावी असे मात्र मला वाटत नाही. जे विकले जाते ते शिफारस उरत नाही, हे गूगलचे म्हणणे खरेच होते. दोघांपैकी एकाचाही पक्ष पुरता घेता येत नाही, अशी ही लढाई आहे.

यानंतर नियम घट्ट होत गेले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' नावाची एक खूण मान्य केली. ही खूण असलेला दुवा वाचकाला चालेल, पण यंत्राने त्याला शिफारस म्हणून मोजू नये. जाहिरात जरूर विका, पण तिच्यावर जाहिरातीचा शिक्का मारा, असाच त्याचा अर्थ. २०१९ साली पैसे घेतलेल्या दुव्यासाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूणही आली.

नियम मोडणाऱ्यांत थोरामोठ्यांचीही नावे निघाली. 'जेसी पेनी' हे अमेरिकेतले जुने, नावाजलेले कापडचोपडाचे दुकान. २०१० च्या नाताळात कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, पहिले नाव त्याचेच. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने याचा छडा लावला. कपड्यांशी सुतराम संबंध नसलेल्या शेकडो स्थळांवर या दुकानाचे दुवे पेरलेले होते. दुकानाने हात झटकले आणि आपल्या सल्लागार मंडळींना काढून टाकले. गूगलने दुकानाला खाली ढकलले. गंमत पुढेच आहे. जानेवारी २०१२ मध्ये गूगलच्याच 'क्रोम'च्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात नियमबाह्य दुवा सापडला. तेव्हा गूगलने स्वतःच्या पानालाही दोन महिन्यांची शिक्षा केली. हेडमास्तरांनी आपल्याच मुलाला बाकावर उभे करावे, तसा हा प्रकार. मुलगा हेडमास्तरांच्याच घरी जेवायला जाणार, हे वर्गाला ठाऊक असते. तरी बाकावर उभे केले याची नोंद घ्यावी लागते.

खरा दणका बसला तो २४ एप्रिल २०१२ रोजी. 'पेंग्विन' नावाची नवी चाळण गूगलने लावली. इंग्रजीतल्या शंभरांपैकी सुमारे तीन शोधांवर तिचा परिणाम झाला, असे गूगलनेच सांगितले. तीन हा आकडा लहान दिसतो. पण त्या तिनांत ज्याचे दुकान होते त्याला विचारा. कित्येक छोट्या धंदेवाल्यांनी कोणा दलालाला पैसे देऊन आपले नाव शेकडो सूच्यांत घालून घेतले होते. दलाल काय करतो हे त्यांना धड समजतही नव्हते. सकाळी उठून पाहतात, तो गिऱ्हाईक नाहीसे. आता त्याच सूच्यांतून नाव काढून घेण्यासाठी त्यांची धावाधाव सुरू झाली, आणि काही सूचीवाल्यांनी नाव काढण्याचेही पैसे मागितले. घालतानाही पैसे, काढतानाही पैसे! अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने एक सोय काढली, की नको असलेल्या दुव्यांची यादी आमच्याकडे द्या, आम्ही ते मोजणार नाही. माणसाने आपल्याच शिफारशी नाकारण्याचा अर्ज करावा, असा हा काळ आला.

*

या गदारोळात जुन्या, प्रामाणिक सूच्यांचे काय झाले? १९९८ साली सुरू झालेली 'डीमॉझ' ही एक सूची होती. तिच्यात नाव घालायला पैसे पडत नसत. जगभरातले हजारो लोक फुकट श्रम करून ती सांभाळीत. अनेक भाषांचे कप्पे तिच्यात होते. खुद्द गूगल तिच्या आधाराने आपली सूची चालवी. पण नोंदीचे अर्ज महिनोन् महिने पडून राहात, आणि काही संपादक आतून पैसे घेतात अशीही कुजबूज असे. जिथे दाराला किंमत येते तिथे द्वारपाल मोहात पडतो, मग दार फुकटचे का असेना. २०११ साली गूगलने आपली सूची बंद केली. डिसेंबर २०१४ मध्ये याहूची सूची मिटली; ज्या यादीपासून कंपनी जन्मली तीच यादी कंपनीला नकोशी झाली. मार्च २०१७ मध्ये डीमॉझही बंद पडली. तिच्या काही स्वयंसेवकांनी 'कर्ली' या नावाने तो वारसा पुढे नेला.

मग दुवे विकणे थांबले काय? मुळीच नाही. सूच्या गेल्या, तेव्हा लोकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि संस्थांच्या स्थळांवर भाड्याने जागा घ्यायला आरंभ केला. नाव प्रतिष्ठिताचे, मजकूर भाडेकरूचा. २०२४ साली गूगलने त्याविरुद्धही नियम केला. चोरवाट बुजवली, की शेजारी दुसरी निघते, हे पोलीसपाटलाच्या काळापासून चालत आले आहे.

आता शेवटचा भाग सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी असा निकाल दिला, की गूगलने शोधाच्या धंद्यातली आपली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली. या खटल्यात एक आकडा उजेडात आला. मोबाईलमध्ये आणि संगणकावर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, म्हणून एकट्या २०२१ सालात गूगलने इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले होते. वीस वर्षे ज्याने जगाला बजावले, की वरची जागा विकत घेऊ नका, ती गुणांवर मिळवा, त्यानेच दाराशी पहिली जागा रोख मोजून घेतली होती. याहूचे २९९ डॉलर त्यापुढे किती गरीब वाटतात!

यावरून गूगलचा नियम खोटा ठरत नाही. दारुड्याने दारू वाईट म्हटले, म्हणून दारू चांगली होत नाही. पण नियम करणारा आणि नियमाचा लाभ घेणारा एकच असेल, तर त्याच्यावर कोणाची तरी नजर हवी. आणि ती नजर न्यायालयांची असून भागत नाही, आपलीही असावी लागते.

माझ्या वर्गातली मुले भूगोलाचा प्रकल्प करतात तेव्हा उत्तर कोठून आणले असे विचारले, तर 'गूगलवरून' म्हणतात. हल्ली मी त्यांना पुढचा प्रश्न विचारतो: गूगलवर कोणाकडून? ते स्थळ कोण चालवतो? त्याला हे सांगण्याचे पैसे कोण देतो? आरंभी मुले गोंधळली. आता त्यांतली दोन-चार मुले वहीत उत्तराखाली सांगणाऱ्याचे नावही लिहून आणतात. परवा एका मुलीने आजोबांना विचारून आपल्या गावच्या ओढ्याची माहिती लिहिली, आणि खाली लिहिले, 'माहिती देणारे : माझे आजोबा. पैसे घेतले नाहीत.' मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा गेला.